एका हाताची मखमल

मेनेगाला मी किती ओळखत होतो असं कुणी विचारलं, तर मला मान खाली घालावी लागेल. दर शनिवारी मी तिच्या घरी जायचो, पण ते पात्याला धार लावायला. ती कुठल्या बेटावर वाढली, नवरा गलबतावर वल्ही मारायला गेला आणि परत आला नाही तेव्हा ती रडली की नाही, यातलं मला काही माहीत नाही. तिचं पातं मात्र मी डोळे मिटून ओळखलं असतं. एखाद्या माणसाबद्दल लिहायला एवढं पुरतं का, हे मला कळत नाही. पण गल्लीतली जुनी माणसं आता फारशी उरली नाहीत, आणि तिच्याविषयी ज्यांना वाईट बोलायचं होतं त्यांचं केव्हाच बोलून झालं आहे. म्हणून हे लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मखमल विणणाऱ्यांना लागणाऱ्या पितळी सळया आणि पोलादी पाती करणं हा माझा धंदा. मखमल ल्यायची ठाऊक असते, विणायची ठाऊक असतेच असं नाही, म्हणून थोडं सांगतो. मागावर उभ्या धाग्यांचे दोन ताणे असतात. एक खालच्या कापडाचा, दुसरा लवेचा, म्हणजे वरच्या मऊ केसांचा. लवेचा ताणा वर उचलून त्याच्याखाली सळई सारायची, आडव्या धाग्याचा धोटा फिरवायचा, तो धागा घट्ट बसवायला फणी ठोकायची. सळईवर रेशमाचे बारीक फास उभे राहतात. सळईच्या पाठीवर खाच असते. त्या खाचेतून पातं ओढलं की फास कापले जातात, सळई मोकळी होते आणि मागे लव उभी राहते. मागची सळई कापायची ती पुढची बसल्यावरच, नाहीतर लव निसटते. त्यामुळे चालू मागावर कापडात एखाद-दुसरी सळई नेहमी अडकलेलीच असते.

आणि मखमलीत हात लपत नाही. फणी जड ठोकणाऱ्याची लव दाट, गडद दिसते. हलक्या हाताची लव उजळ आणि जराशी एका अंगाला कललेली. एकाच रंगाचं, एकाच रेशमाचं कापड दोघांनी विणलं तर मध्ये रेघ उठते, भरतीचं पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहते तशी. म्हणून आमच्याकडे एकाच्या कापडावर दुसऱ्यानं बसायचं नाही. विणकर आजारी पडला तर माग थांबतो. मेला तर जिथे त्याच्या सळया अडकल्या असतील तिथे कापड कापतात. अपुरा तुकडा मग बटव्यांना, जोड्यांना, प्रार्थनेच्या पुस्तकांच्या वेष्टनांना जातो.

मेनेगाच्या घरी वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी दोन माग होते. एक तिचा, एक तिच्या मुलीचा, पेरिनाचा. पेरिनाच्या बाप्तिस्म्याला मी तिचा धर्मपिता म्हणून उभा राहिलो होतो. त्यामुळे ती मला सांतोलो म्हणायची. मेनेगा मला कोम्पारे म्हणायची आणि मी तिला कोमारे. आमच्यात तेवढंच नातं. घरात बोलायचं काम पेरिनाकडे होतं. मी जिन्यावरून डोकं वर काढलं की तिचा आवाज यायचा.

"दार, सांतोलो, दार! तुमच्याबरोबर आख्खी गल्ली आत येतेय धूळ घेऊन."

"गल्ली नाही गं, माझा गुडघा येतोय. त्याला वेळ लागतो."

"मग त्याला खालीच बसवून यायचं. बोर्तोलाकाकूंना सोबत होईल."

बोर्तोला खालच्या मजल्यावर रेशमाचे धागे गुंडाळायची आणि वर काय चाललंय ते ऐकायची. तिचं उत्तर जिन्यातूनच यायचं, "मला नको हो तो गुडघा! माझे दोन आहेत दुखायला."

मेनेगा मागावरून मान न वळवता म्हणायची, "पेरिना, धर्मपित्याशी असं बोलतात?"

"ते हसताहेत की, आई."

"ते बिचारे भिडस्त आहेत म्हणून हसतात."

मायलेकींचे हात अगदी वेगळे. मेनेगाची मखमल म्हणजे पाणी ओतलं तरी मुळाशी पोचणार नाही इतकी दाट. व्यापारी तिचं कापड पालथ्या हातानं चाचपून नाव सांगत. पेरिनाची फणी हलकी पडायची. मेनेगा कुरकुरायची, "पावाला लोणी लावल्यासारखी ठोकतेस. मखमल आहे ती." पेरिना म्हणायची, "आणि तू गलबताला खिळे ठोकल्यासारखी." शिवाय पोरगी विणताना गायची. नावाड्यांचं एक चावट गाणं होतं, एका कांदेवालीचं. सभ्य घरात म्हणण्यासारखं नव्हे. पेरिना ते पुटपुटल्यासारखं म्हणायची आणि फणी त्याच ठेक्यावर पडायची. दुसरी ओळ संपली की ती श्वास घ्यायची, तेव्हा फणी क्षणभर रेंगाळायची. तिच्या कापडाची जी उजळ, थोडीशी हलती चमक होती ना, ती त्या श्वासाची होती, असं मला पुढे समजलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसायचं की आईचं पातं मुठीकडच्या टाचेशी झिजतं आणि लेकीचं टोकाशी.

त्या वसंतात मेसर फान्तिन नावाच्या व्यापाऱ्यानं पेरिनाला पहिल्यांदा एकटीच्या भरवशावर किरमिजी रेशीम दिलं. एका सिनेटरच्या पायघोळ अंगरख्यासाठी साधी मखमल विणायची होती. फूल नाही, वेल नाही. नक्षीत हात थोडासा लपतो, पण साध्या मखमलीत लपायला जागाच नसते. पेरिनाच्या अंगात वारं शिरलं होतं.

"सांतोलो, तो म्हातारा मिरवणुकीत चालला ना, की मी गर्दीतून ओरडणार आहे, अहो, सांभाळून बसा, मी विणलंय ते!"

"तुला पकडून नेतील."

"नेऊ देत. साक्ष द्यायला तुम्ही आहात. सळया तुमच्याच आहेत."

मेनेगा म्हणाली, "आधी विणून होऊ दे." पण मी पाहिलं, ती स्वतःच्या मागावरून तिरप्या नजरेनं लेकीच्या कापडाकडे बघत होती, आणि तोंडावर कुरकुर नव्हती.

ऑगस्टमध्ये दलदलीचा ताप आला. आमच्या गल्लीत तो बऱ्याच घरांत शिरला आणि बऱ्याच घरांतून निमूटपणे निघून गेला. मेनेगाच्या घरातून तो एकटा गेला नाही.

पुढच्या शनिवारी मला निरोप आला तो बोर्तोलाकडून, की सळया काढून न्या. रीतच आहे ती. सळया सोडवायच्या, कापड कापायचं, माग मोकळा करायचा. मी वर गेलो. दार मी कुणी न सांगताच लोटलं. पेरिनाच्या मागावर दोन सळया तशाच बसलेल्या होत्या, फासांत अडकलेल्या. विणून झालेली मखमल मागाखालच्या पेटीत सैल घड्या घालून ठेवली होती, लव कशाला टेकू नये म्हणून. अंगरख्याला लागते त्याच्या अर्ध्याहून थोडी जास्त झाली असेल.

मी पिशवीतून सांडशी काढली. मेनेगा म्हणाली, "हात लावू नका."

"कोमारे, माग अडकून राहील."

"राहू दे."

बोर्तोला माझ्या मागोमाग वर आली होती. ती म्हणाली, "मेनेगा, असं काय करतेस? अर्धं कापड घेऊन काय करणार? उशीला घालणार?"

"बटव्यांत जाणार नाही ते."

"मग कुठे जाणार?"

"सबंध जाईल. जिथे जायचं होतं तिथे."

"अगं, तुझा हात आणि तिचा हात! आंधळ्यालासुद्धा दिसेल तो जोड."

बोर्तोला क्रॉसची खूण करून खाली गेली. शेवटी, काहीतरी उपयोगाचं बोलावं म्हणून मी म्हणालो, "तुम्ही जिथून बसाल तिथे काठाला एक पांढरा दोरा तरी बांधून ठेवा. तिचं कुठवर आलं होतं ते राहील."

तिनं मान हलवली. "खूण ठेवली की डोळा तिथेच जातो. आधी माझा जाईल, मग फान्तिनचा."

तिच्या स्वतःच्या मागावर तेव्हा काळी मखमल होती, निम्मी झालेली, तिच्या नेहमीच्या दाट हाताची. त्या मखमलीवर ती लेकीचा हात शिकायला बसली. कापलेली लव पुन्हा जोडता येत नाही, त्यामुळे चूक झाली की ती कापडात राहणार. तिनं त्या चुका सगळ्या काळ्यात राहू दिल्या. मी शनिवारी जायचो तेव्हा ती पेरिनाच्या बुटक्या स्टुलावर बसलेली असायची, गुडघे वर आलेले, कोपर अंगाशी. फणी हलकी टाकायची म्हणजे नुसतं बळ कमी करून भागत नाही. बळ कमी केलं की तिचा हात अडखळायचा. आणि मग एक दिवस जिना चढताना मला गाणं ऐकू आलं.

कांदेवालीचं गाणं. मेनेगाला सूर नव्हता. जाड, बसक्या आवाजात ती ते चावट शब्द एकेक करून टाकत होती, प्रार्थना म्हणावी तशी.

"जमत नाही," मला बघून ती म्हणाली. "दुसरी ओळ संपते तिथे फणी लवकर पडते."

"ती तिथे श्वास घ्यायची," मी म्हणालो.

"माहीत आहे." तिनं धोटा खाली ठेवला. "मीच तिला रागवायची. म्हणायची, श्वास आधी घेऊन बस, कामात कसला घेतेस."

गल्लीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. पोरगी मातीत जाऊन महिना झाला नाही आणि आई नावाड्यांची गाणी गातेय. पाण्याच्या विहिरीशी बायका तिची नक्कल करायच्या. कुणी म्हणालं डोकं फिरलं, कुणी म्हणालं डोकं नाही, कुणीतरी नावाडी भेटला असेल. बोर्तोलानं पाद्रीबाबांना सांगितलं. ते आले, जिन्यात उभं राहून थोडा वेळ ऐकलं आणि टोपी घालून परत गेले. मी बोर्तोलाला म्हणून पाहिलं, "बाई, ते गाणं नाही, ते काम आहे." ती म्हणाली, "तुम्ही पाती घासा, वेत्तोर. बायकांचं रडणं कसं असतं ते मला ठाऊक आहे, आणि हे ते नव्हे." मला माणसांना समजावणं कधीच साधलं नाही.

हवा कोरडी झाली, रेशीम हलकं झालं, तेव्हा ती पेरिनाच्या मागावर बसली. त्या दिवशी तिनं मला पेरिनाच्या मागावरचं पातं द्यायला सांगितलं. मी धार लावायला घेतलं तर म्हणाली, "नको. तिनं ठेवलंय तसंच द्या." टोकाशी झिजलेलं ते पातं तिनं खाचेत धरलं आणि लेकीनं बसवलेली मागची सळई कापली. मी तिथे होतो. त्या किरमिजी कामातली एवढीच गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली. पातं सरळ गेलं. तिनं सळई काढून माझ्या हातात दिली, मी पुसून परत दिली, आणि ती गाऊ लागली.

सारा हिवाळा ते चाललं. दक्षिणेकडून दमट वारा सुटला की ती हात आवरून बसायची, कारण ओल्या रेशमावर हात बदलतो. ती त्या दिवसांत काय विचार करत होती, मी विचारलं नाही. पातं कसं आहे विचारायचो. ठीक आहे म्हणायची. एकदा तिनं शिरक्यात मुरवलेल्या तारल्या मासोळ्यांची आणि कांद्याची वाटी पुढे केली आणि म्हणाली, "खा. तिला आवडायच्या. मला जात नाहीत." मी खाल्ल्या.

उपासाचे दिवस लागायच्या आधी दोन्ही कापडं पुरी झाली. पेटी होडीत घालून, लव दाबली जाऊ नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी सावरत, आम्ही फान्तिनच्या वखारीत गेलो. फान्तिन वाईट माणूस नव्हता. पारख मात्र त्याची कडक. त्यानं खिडकीचे दोन्ही दरवाजे उघडायला लावले आणि आधी काळी मखमल उलगडली. हाताच्या पाठीनं लवेवरून सावकाश गेला, आणि मध्यावर थांबला.

"इथे हात बदललाय."

"नाही," मेनेगा म्हणाली. "दोन्हीकडे मीच बसले होते."

"मेनेगाबाई, तुमचा हात मी आज ओळखतो का? हा वरचा तुमचा. हा खालचा तुमचा नव्हे. कुणा शिकाऊ पोरीचा आहे. कुणाला बसवलं होतं?"

"मीच होते."

"बरं. नका सांगू." त्यानं खडूनं रेघ मारली, आणि त्याच्या माणसानं काळी मखमल त्या रेघेवर कापली. कात्रीचा आवाज झाला तेव्हासुद्धा मेनेगानं तिकडे पाहिलं नाही. ती पेटीतल्या किरमिजी कापडाकडे बघत होती.

मग ते उलगडलं. उजेडात त्या रंगाकडे बघवत नव्हतं. फान्तिनला ठाऊक होतं की पेरिना अर्ध्यावर गेली. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यानं खडू हातात तयार ठेवला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो हाताची पाठ फिरवत गेला. परत उलट आला. कापड उचलून खिडकीशी तिरपं धरलं, मग दुसऱ्या बाजूनं तिरपं धरलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"जोड कुठे आहे?" त्यानं शेवटी विचारलं.

मेनेगा पुढे झाली. मला वाटतं, तिला दाखवायचं नव्हतं, फक्त स्वतःला एकदा बघायचं होतं. ती वाकली. पेटीतल्या घड्या कुठे होत्या, कुठवर ऑगस्टमधलं होतं, ते ती बोटानं हवेतच शोधत होती, लवेला न टेकता. बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. मग तिनं हात खाली घेतला.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

फान्तिननं खडू खिशात टाकला. "एकच हात आहे हा," तो म्हणाला. "सबंध घेतो." मग जरा घुटमळून, आवाज उतरवून म्हणाला, "चांगला हात होता पोरीचा, बाई."

परतताना होडीत ती रिकाम्या पेटीवर हात ठेवून बसली होती. मला वाटलं, तिच्या मनासारखं झालं, आता थोडं हलकं वाटेल. पुलाखालून जाताना तिनं विचारलं, "कोम्पारे, तुम्हाला दिसलं?"

"काय?"

"ती कुठे संपली ते."

"नाही, कोमारे."

"मलाही नाही दिसलं," ती म्हणाली. "दोरा बांधायला हवा होता का?"



त्यानंतर ती बरीच वर्षं विणत होती. पण तिचा जुना दाट हात परत आला नाही. तिनं प्रयत्न केला की केलाच नाही, देव जाणे. ती पेरिनाच्या स्टुलावरून उठली नाही एवढं खरं. व्यापारी तोंडावर म्हणायचे, मेनेगा, हे तुमचं कापड नव्हे. ती म्हणायची, नसेल. हळूहळू उत्तम किरमिजी रेशीम दुसरीकडे जाऊ लागलं आणि तिच्याकडे बाह्यांचं, टोप्यांचं किरकोळ काम येऊ लागलं. मी मात्र शनिवारी जात राहिलो. तिचं पातं हातात घेतलं की टोकाशी झिजलेलं असायचं. टाचेशी झिजलेलं तिचं जुनं पातं खिडकीच्या फळीवर पडून गंजलं. एकदा मी म्हटलं, घासून देऊ का? ती म्हणाली, कुणासाठी?

दरवर्षी मोठ्या मिरवणुकीला ती चौकात एका खांबाशी उभी राहायची. किरमिजी अंगरखे घातलेली कितीतरी म्हातारी माणसं समोरून जायची. ती एकेकाकडे नीट बघायची. कधी ओरडली नाही. एका वर्षी मी विचारलं, "ओळखू येतो का?" तर म्हणाली, "त्यातला एक असणारच."

ती गेली ती गेल्या हिवाळ्यात, छातीत कफ होऊन, दोन शनिवारांच्या मध्ये. मला कळेपर्यंत दफनही उरकलं होतं. तिच्या मागावर टोपीचं हिरवं कापड होतं. सळया काढायला मलाच बोलावलं, आणि या वेळी अडवायला कुणी नव्हतं.

त्याआधीच्या शनिवारी मी गेलो तेव्हा धुकं होतं, पलीकडची भिंत दिसत नव्हती. ती दिव्याजवळ बसून विणत होती आणि तेच गाणं चाललं होतं. इतक्या वर्षांत तिला सूरही बराच सापडला होता. खालून बोर्तोला हल्ली त्यावर काही म्हणत नसे, तिला ऐकूही कमी यायचं. मी पातं घासून दिलं. तिनं ते अंगठ्यावर पाहिलं.

"ठीक आहे ना?"

"ठीक आहे. गुडघा कसा आहे?"

"आहे तिथेच आहे."

"मग पुढच्या खेपेला सावकाश या. जिना ओला असतो."

"येतो," मी म्हणालो आणि पिशवी उचलली.

"आणि जाताना दार लोटून घ्या, कोम्पारे. धूळ येते."

"लोटतो," मी म्हणालो.